डोळेवाला स्टिरिओ

लग्न रविनाचं होतं, पण मांडवात गाजायचं होतं उमेशला.

उमेश हा रविनाचा थोरला भाऊ. आवाजातलं आपल्याला कळतं, असं तो म्हणत असे. दुसरं कोणी म्हणत नसे. भिवंडीच्या एका गोदामात त्याने म्युझिक सिस्टीमचे खोके उचलून टेम्पोत भरायचं काम केलं होतं. त्यातला एकही खोका त्याच्यासमोर कधी उघडला नव्हता. पण खोक्यावरचं चित्र आणि चित्राखालचे आकडे त्याने इतक्या वेळा पाहिले होते, की आतलं यंत्र आपल्याच हातचं आहे असं त्याला हळूहळू वाटायला लागलं. पुढे मालकाने माणसं कमी केली, तेव्हा कमी करण्याजोगा पहिला माणूस म्हणून उमेश खोडाळ्याजवळच्या आपल्या पाड्यावर परतला. येताना त्याच्या पायात पांढरे बूट होते आणि तोंडात ‘वॅट’ हा शब्द होता. वॅट म्हणजे काय हे पाड्यावर कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नावर त्याची विद्वत्ता टिकून राहिली.

रविनाचं लग्न जामसरच्या कमलेशशी ठरलं, तेव्हा बापाने, म्हणजे तुकाने, सर्वांत आधी जिवाला सुपारी दिली. जिवा संबळ वाजवायचा आणि त्याचा भाऊ चंद्रा पिपाणी. आसपासच्या पाड्यांत लग्न असो, पूजा असो की सोंगांचा बोहाडा असो, या दोघांशिवाय कशाला सुरुवात होत नसे. तुका सकाळी सुपारी देऊन आला आणि संध्याकाळी उमेश ती मोडून आला.

सुपारी मोडायला गेलेला माणूस दोन शब्द बोलून परततो. उमेशने तिथे भाषण केलं. संबळ-पिपाणीचा जमाना संपला, आता स्टिरिओचा जमाना आहे, आणि बाजारातला महागडा स्टिरिओ घेण्याइतके आपण अडाणी नाही. आपण तो घरीच बनवणार, तोही भंगाराच्या भावात. जिवा अंगणात बसून संबळाच्या दोऱ्या ताणत होता. त्याने मान वर न करता विचारलं,

“स्टिरिओ म्हणजे रं काय?”

“डाव्या कानाला वेगळा आवाज, उजव्या कानाला वेगळा.”

“दोन्ही कान एकाच डोक्याला हायत ना?”

उत्तर नसलं की तो समोरच्याला मागासलेला ठरवत असे. तसं ठरवून तो घरी आला.

तुका फार बोलणारा माणूस नव्हता. वर्षभराचं बोलणं तो साठवून ठेवायचा आणि संबळ वाजला की पायांनी बोलून टाकायचा. तुका नाचायला लागला की म्हाताऱ्या बायका हातातलं काम ठेवून दारात येत. रविना त्याच्या खांद्यावर बसायची तेव्हापासून तो तिला सांगत आला होता, की तुझ्या लग्नात मी असा नाचेन, की जावयाकडचे लोक जेवायचं विसरतील. पण पोरगा शहरातून आला होता, फोनवर हिंदीत बोलत होता, आणि तुकाला आपल्या पोराची जराशी भीती वाटायची. बापांना अशी भीती वाटायला लागली की पोरांचं फावतं.

रविनाने भावाला विचारून पाहिलं. बाबांना संबळाशिवाय नाचता येत नाही, एवढंच ती म्हणाली. उमेश हसला. “मी असा बेस देईन, पाय आपोआप उठतील त्याचे,” म्हणाला, आणि तिथल्या तिथे प्रयोग करायला बसला. मोबाईलवर गाणं लावून त्याने तो रिकाम्या पातेल्यात ठेवला. तुकाने पोराचा मान राखायला एक पाय उचलला. उचललेला पाय कुठे टाकायचा हे त्या गाण्यातून त्याला काही केल्या कळेना. थोडा वेळ तसाच उभा राहून त्याने तो हळूच खाली ठेवला आणि गुरांकडे बघायला म्हणून निघून गेला. रविनाला फार वाईट वाटलं. लग्नघरात सगळेच धावपळ करत होते, पण खरंखुरं वाईट वाटलेली ती एकटीच होती.

उमेशला वाईट वाटायला वेळ नव्हता, कारण तो व्हिडिओ बघत होता. व्हिडिओतला माणूस हिंदीत दर वाक्याआड ‘दोस्तों’ म्हणायचा आणि स्वस्तात मस्त स्पीकर कसे करायचे ते सांगायचा. चांगलं जाड प्लायवूड घ्या, असं तो सांगे. उमेशने आईची, गोदीची, धान्याची लाकडी पेटी घेतली. भात गोणीत गेलं आणि पेटीचे दोन खोके झाले. त्यातला एक दुसऱ्यापेक्षा वीतभर उंच झाला. मापात चुकलास का, असं गोदीने विचारलं, तेव्हा उमेश म्हणाला की उंच खोका जड आवाजासाठी असतो. हे त्याला कोणी सांगितलं होतं ते देव जाणे.

खोक्याच्या फटींतून हवा जाता कामा नये, असं व्हिडिओत होतं. फटी बुजवायच्या मसाल्याला पैसे पडतात, म्हणून उमेशने आईला शेण-माती कालवायला लावली. गोदीने दोन्ही खोके आतून-बाहेरून भिंतीसारखे लिंपून दिले. त्या सबंध उद्योगात नीट झालेलं काम ते एवढंच. आत कापूस भरा, असंही व्हिडिओत होतं. रविनाला सासरी द्यायच्या उशीत सावरीचा कापूस भरला होता, तो खोक्यात गेला. रिकामी उशी हातात घेऊन रविना भावाकडे बघत राहिली. उमेशला वाटलं, ती कौतुकाने बघतेय.

राहिले ते आवाज काढणारे मुख्य दोन वूफर. ते त्याने जव्हारला भंगारवाल्याकडून आणले. घेताना त्याने ते फक्त मागून पाहिले, कारण मागे लोहचुंबकावर मोठा आकडा छापलेला होता आणि आकड्यांवर त्याचा फार विश्वास. घरी येऊन पुढून पाहिले, तर पुढचा कागदी पडदा दोन्हींचा उंदरांनी खाल्लेला. एकातून हात जात होता, दुसऱ्यातून डोकं गेलं असतं.

“परत कर की,” गोदी म्हणाली.

“आये, कागदच तर हाय. लावू दुसरा.”

कागदाचं काम म्हटल्यावर त्याला ढवळूमामा आठवला. गोदीचा हा भाऊ पलीकडच्या पाड्यावर राहायचा आणि बोहाड्यासाठी मुखवटे बनवायचा. बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं वाजतगाजत निघतात, त्यांचे मुखवटे. कागद भिजवायचा, कुटायचा, चिंचोक्याची खळ घालून त्याचा लगदा करायचा, किडीने खाऊ नये म्हणून त्यात मेथी वाटून घालायची, थरावर थर चढवायचे आणि शेवटी रंगाने डोळे भरायचे, म्हणजे मुखवट्यात देव येतो आणि त्याचं सोंग होतं. ढवळूमामा हे काम आयुष्यभर करत आला होता आणि जगात आपल्याखेरीज कोणाला कागद कळत नाही असं त्याचं मत होतं. मामा-भाचे स्वभावाने एकाच वाणाचे होते. फरक इतकाच की मामाला खरंच काहीतरी येत होतं.

मामाकडे उमेश स्वतः गेला नाही. त्याला मांडवात कोणतं गाणं कधी वाजवायचं ते ठरवायचं होतं. हळद तोंडावर आलेल्या नवरीच्या डोक्यावर त्याने वूफरची गोणी दिली आणि तिला पाठवून दिलं. भोकं बुजवून आण म्हणाला. गोदी कुरकुरली, पण रविना मुकाट्याने गेली. वूफर वाळल्यावर आणायलाही तीच गेली, आणि फडक्यात गुंडाळलेली दोन गाठोडी तिने भावासमोर ठेवली.

उमेशने फडकं सोडलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. भोकं बुजली होती यात शंका नव्हती. सगळ्या पडद्यावर लगद्याचे जाड थर चढले होते आणि थरांवर तोंडं होती. एक तोंड लालभडक, डोळे वटारलेले, मिशा कडेपर्यंत गेलेल्या. दुसरं हळदीसारखं पिवळं, नाकात नथ, जीभ किंचित बाहेर. वूफरच्या मधोमध असते ती गोल टोपी मामाने नाक म्हणून वापरली होती. दोन्ही तोंडांना मेथीचा वास येत होता. काम सुरेख होतं, पण ते सुरेख आहे हे कळण्याच्या स्थितीत उमेश नव्हता.

तो तडक मामाकडे गेला.

“मामा, भोक बुजवायला दिलं होतं.”

“मग बुजलं नाय?”

“तोंड कशाला केलं?”

“माझ्या हातात कागद आला की त्याचं तोंडच होतं. नुसतं भोक बुजवायचं तर गवंड्याकडं जायचं.”

“आणि डोळे?”

“डोळे भरले म्हणून भरले. आता ते तुला बघतात. नीट वागत जा.”

एवढं बोलून मामाने त्याच्याकडे पाठ केली. उमेश घरी येऊन विचार करू लागला, आणि विचार करायला लागला की तो हमखास चुकायचा. तोंड असलं काय आणि नसलं काय, आवाज आला म्हणजे झालं, असं त्याने ठरवलं. लाल तोंड उंच खोक्यात बसवलं, पिवळं बुटक्यात. तारा जोडल्या, स्वस्तातला छोटा बोर्ड जोडला, त्याहून स्वस्तातला अडॅप्टर जोडला, आणि पडवीत जमलेल्या सगळ्यांना लांब बसायला सांगितलं. कानाचे पडदे फाटतील म्हणाला.

कोणाचा पडदा फाटला नाही. लगदा वाळून शिळ्या नाचणीच्या भाकरीसारखा कडक झाला होता. ज्या पडद्याने हलायचं, तो हलायला तयार नव्हता. गाणारा माणूस घोंगडीखाली झोपून गातोय इतपत गाणं ऐकू आलं, आणि तेही डाव्या खोक्यातून. उजवीकडून गाणं आलंच नाही. त्या स्वस्त अडॅप्टरचा ‘हूं’ असा एकसुरी आवाज मात्र दोन्हीकडून चांगला खणखणीत येत होता. गाण्याने न हललेले पडदे या हुंकाराने बारीक थरथरायला लागले. लाल तोंडाच्या मिशा हलू लागल्या. पिवळ्याची जीभ लवलवू लागली.

नेमकी त्या वेळी गोजाबाई आली. गोजाबाई ही धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. तिने पहिलं गाणं धरल्याशिवाय या भागात कोणाचं लग्न लागत नाही, आणि तिने तोंड फिरवलं तर ते पुन्हा तिच्या मर्जीखेरीज वळत नाही. हळदीचं विचारायला म्हणून ती पडवीत आली, थबकली, हुंकार ऐकला, थरथरत्या मिशा बघितल्या आणि तिने पायातल्या चपला काढल्या. आपल्या कामाला आजवर कोणी चपला काढल्या नव्हत्या, म्हणून उमेशला क्षणभर बरं वाटलं.

“डोळे कोणी भरले?” गोजाबाईने विचारलं.

“ढवळूमामानं,” रविना म्हणाली.

“मग सोंग हाय हे. गोदे, नारळ आण.”

गोदी नारळ आणायला धावली. उमेश समजावू लागला की बाई, हे सोंग नाही, स्टिरिओ आहे, आणि आवाज करतोय तो अडॅप्टर आहे. स्वस्तातला असल्यामुळे तो असा ओरडतो. गोजाबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“असंल,” ती म्हणाली. “त्याचंबी नाव घेऊ.”

आणि खोक्यांवर तांदूळ टाकताना तिने खरोखरच अडॅप्टरच्या नावाने चार दाणे जास्त टाकले.

बातमी पाड्यात फिरायला वेळ लागत नाही, आणि फिरता फिरता ती लहान होत नाही. तुकाच्या घरी नवीन सोंग बसलंय आणि ते हुंकार देतं, म्हणून लोक नारळ घेऊन येऊ लागले. उमेशने घाईघाईने वायर काढली. तेव्हा लोक म्हणाले, देव निजला, आता हळू बोला. त्याच्या घरात त्यालाच कोणी मोठ्याने बोलू देईना.

मग त्याने एक एक उपाय केला, आणि प्रत्येक उपाय त्याच्या गळ्यात पडला. डोळे दिसतात म्हणून भानगड होते, तर डोळेच झाकावेत, म्हणून त्याने दोन्ही खोक्यांवर ओढण्या बांधल्या. पण बोहाड्याचे मुखवटेही वर्षभर असेच फडक्यात बांधून ठेवतात, हे तो विसरला. उमेशला रीत ठाऊक आहे म्हणून म्हाताऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. मग तो पेचकस घेऊन वूफर काढायला बसला. पहिला स्क्रू अर्धा फिरतोय तोवर गोदी येऊन उभी राहिली. बहीण मांडवात बसायची आहे, अशा वेळी तू भरलेले डोळे उखडून काढणार का, असं तिने इतक्या हळू आवाजात विचारलं, की उमेशने अर्धा फिरवलेला स्क्रू पुन्हा घट्ट केला. शेवटी खोडाळ्याला जाऊन डीजे ठरवावा म्हणून तो निघाला. लग्नाची मोठी तिथ होती, सगळे डीजे कधीच ठरून गेले होते. एकजण रिकामा होता, पण त्याचा जनरेटर बंद होता, आणि जनरेटरही आपल्याला कळतो असं म्हणायची हिंमत या वेळी उमेशला झाली नाही.

आता त्याच्यापुढे एकच गोष्ट उरली. निदान ते खोके मांडवात नेऊन ठेवावेत, आत मोबाईल घालून जे काय वाजेल ते वाजवावं, आणि जामसरच्या वऱ्हाडापुढे अब्रू राखावी. वऱ्हाडाला त्याने आधीच कळवून ठेवलं होतं, की असला आवाज तुमच्या बापजन्मात ऐकला नसेल. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्याला तसं म्हणायचं नव्हतं.

हळदीच्या सकाळी त्याने खोका उचलायला हात घातला, तर गोजाबाई उंबऱ्यात बसलेली.

“मांडवात नेतोय,” उमेश म्हणाला.

“न्यायलाच पायजे. सोंग आत बसून ऱ्हायलं तर मी बाहेर गाणं धरणार नाय.”

“मग सरका.”

“संबळ कुठाय?”

उमेशला वाटलं ती चेष्टा करतेय. गोजाबाई चेष्टा करत नसे. तिने त्याला नीट समजावून सांगितलं. डोळे भरलेलं सोंग पुढे संबळ वाजल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आजवर एकही ओलांडलेलं नाही. संबळ नाही तर सोंग बाहेर नाही, सोंग बाहेर नाही तर गाणं नाही, आणि गाणं नाही तर लग्न नाही. वऱ्हाडाला येऊ दे, ती म्हणाली, बसतील, पाणी पितील आणि जातील. आत गोदीने हे ऐकून डोळ्यांना पदर लावला. रविना खाली मान घालून हळदीचं वाटण ढवळत होती. तुका मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता. त्याच्या तोंडाकडे उमेशने मुद्दाम बघितलं नाही.

स्पीकर बाहेर काढायला वाजंत्री लागतात, अशी वेळ आजवर कोणत्याही कारागिरावर आली नसेल. उमेश नारळ घेऊन जिवाकडे गेला. पांढरे बूट धुळीने भरले होते.

जिवाने त्याला बसवलं. पाणी दिलं. पावसापाण्याची चौकशी केली, भिवंडीची चौकशी केली. जिवा काही संत नव्हता. त्याला हवा तेवढा वेळ त्याने घेतला आणि त्यातला एकही क्षण वाया घालवला नाही. चंद्राला हाक मारून त्याने बोलावून घेतलं, ऐकायला आणखी एक माणूस असावा म्हणून. मग म्हणाला,

“काय काम काढलंस?”

उमेशने सांगितलं.

“पुन्हा सांग. या कानानं ऐकलं, आता या कानानं ऐकतो.”

उमेशने पुन्हा सांगितलं. जिवाने ते दुसऱ्यांदाही तितक्याच समाधानाने ऐकलं. त्यानंतर त्याने अटी सांगितल्या. पहिली अशी, की लग्नघरी संबळावर एकदा काठी पडली की नवरी निघेपर्यंत संबळ थांबत नाही. सोंग बाहेर काढण्यापुरतं वाजवा आणि घरी जा, हे चालणार नाही. दुसरी अट अशी, की सोंग ज्याचं त्यानेच डोक्यावर घ्यायचं, अनवाणी आणि उपाशी. तिसरी अशी, की सोंगं दोन असतील तर खेपाही दोन. यातली पहिली रीत जुनी होती. बाकीच्या दोन जिवाने तिथल्या तिथे केल्या असाव्यात, पण ते विचारण्याचा अधिकार उमेशने स्वतःच सुपारीबरोबर मोडला होता.

लग्नाच्या दिवशी जामसरचं वऱ्हाड पिकअपमधून उतरत होतं, तेव्हाच जिवाने संबळावर काठी टाकली आणि चंद्राची पिपाणी उठली. घराच्या दारातून उमेश बाहेर आला. पाय अनवाणी, पोट रिकामं, डोक्यावर उंच खोका, आणि ओढणी सोडलेल्या खोक्यातून लाल तोंड डोळे वटारून वऱ्हाडाकडे बघतंय. गोदीने लिंपलेली शेण-माती वाळून तडकली होती. तिचे पोपडे उमेशच्या मानेवर पडत होते. फटीतून सावरीचा कापूस निघून त्याच्या केसांत, भुवयांत, नाकात बसत होता. त्याला शिंक येत होती आणि हात मोकळा नव्हता. जिवा मुद्दाम संथ वाजवत होता. पुढे वाजंत्री चालल्याशिवाय मागच्याला पाऊल टाकता येत नाही, आणि जिवाला आज कुठे जायची घाई नव्हती. पहिला खोका मांडवात टेकवून उमेश धापा टाकत परतला आणि पिवळं तोंड डोक्यावर घेऊन पुन्हा निघाला.

आणि दुसऱ्या खेपेला तुका नाचायला लागला.

त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मेढीपाशी उभा असलेला माणूस संबळाने जणू हाताला धरून ओढून आणला. आधी खांदे हलले, मग गुडघे वाकले, आणि मग त्याचे पाय जमिनीवर जिथे पडायला हवेत तिथेच पडू लागले. वऱ्हाडातले पोरगे मोबाईल काढून उभे राहिले आणि थोड्या वेळाने मोबाईल खिशात घालून तेच नाचायला आले. नवरदेव कमलेशला त्याच्या मित्रांनी ओढला. गोजाबाईने बसल्या जागेवरून गाणं धरलं. रविना हळदीच्या अंगाने मांडवात बसली होती. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं, आणि तिला इतका आनंद झाला की तो लपवायचं तिला सुचलं नाही. मांडवातले सगळे तुकाकडे बघत होते. उमेशकडे कोणी बघत नव्हतं, आणि त्याच्या डोक्यावर अजून खोका होता.

जेवणं झाल्यावर नवरदेवाचा बाप भिका खोक्यांपाशी आला. भिका जामसरचा तालेवार शेतकरी. दुसऱ्याच्या लग्नातलं काही चांगलं म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने दोन्ही तोंडांना हात जोडले, जरा वेळ बघितलं आणि विचारलं की ही कल्पना कोणाची.

इथे दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. उमेशने केसातला कापूस झटकला.

“माझी,” तो म्हणाला. “सगळं प्लॅनिंग माझं. डीजे काय, कोणीबी लावतो. म्हटलं, आपली रीत दाखवू.”

“पण तू तर स्टिरिओ हाय म्हणून निरोप दिला होतास. वाजत नाय का हे?”

“वाजवायची वस्तू नाय ही. बसवायची हाय. मामाला मीच सांगितलं, डोळे भर म्हणून.”

भिकाने मान डोलावली. लगेच ती गोष्ट वऱ्हाडभर झाली. पोरगा शहरात राहून आला, पण रीत विसरला नाही, असं बायाबापड्या म्हणू लागल्या. उमेश एकेका घोळक्यापाशी जाऊन तीच हकीकत सांगू लागला आणि दर खेपेला तिच्यात थोडी भर पडू लागली. शेवटच्या घोळक्यापर्यंत येता येता त्याने भिवंडीतच ही कल्पना केली होती, जिवाची सुपारी मोडणं हा तिचाच भाग होता, आणि वूफर फाटकेच हवेत म्हणून त्याने ते शोधून आणले होते. जिवा ऐकत होता. त्याला हसू आवरत नव्हतं, पण पाठवणीपर्यंत संबळ थांबवायचा नाही ही अट त्याचीच होती, म्हणून तो वाजवत राहिला.

पाठवणीची वेळ झाली. रविना गोदीच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या गळ्यात पडून त्याहून जास्त रडली. तुका नाचून घामाघूम झाला होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. एरवीही येत नसे, पण आज त्याला कारण होतं. मग ती भावापाशी आली. पिकअप सुरू झाली होती. तिने उमेशच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

“दादा, एक सांगायचं होतं. मामानं तोंडं केली, पण डोळे भरले नव्हते. मला विचारलं होतं, नुसतं ठेवू का डोळे भरू. त्यानं सांगितलंबी होतं, डोळे भरले तर संबळाशिवाय हलवता येणार नाय.”

उमेशने भुवईतला कापूस काढला.

“मीच म्हटलं, भर म्हणून,” रविना म्हणाली, आणि तो रागाने काय बोलतो याची वाट बघत उभी राहिली.

उमेशने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “म्हणून तर तुला पाठवली.”

रविनाने डोकं वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. बोलता बोलता त्याला ते खरं वाटलं होतं. रविनाचं रडू जे थांबलं, ते गाडी जामसरला पोचेपर्यंत पुन्हा आलं नाही, आणि नवीन सून माहेरच्या आठवणीने एकदाही रडली नाही म्हणून वऱ्हाडातल्या बायकांनी वाटभर नाकं मुरडली.